शातेत आहात ना?

आमच्या भावनगरात जाड बाईला कोणी जाड म्हणत नाही. 'खाधेपीधे सुखी' म्हणतात, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरची. म्हणताना आवाजात अशी साखर पेरतात की ऐकणारीला वाटावं, कौतुकच चाललंय. माझी धाकटी जाऊ तरुलता लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हे कौतुक ऐकत आली आहे. पाहुणा पाय पुसतापुसताच म्हणणार, "पीयूषभाई, तुमच्याकडे दुष्काळ पडला तरी बाहेर कळायचं नाही हो." आणि सगळ्यांत मोठ्याने तरू हसणार. आपण आधी हसलो की दुसऱ्याचं हसणं जरा कमी लागतं, असं ती मला एकदा म्हणाली होती.

मी कोकिळा, सलोतांच्या घरची थोरली सून. मी पहिल्यापासून काडी. सकाळी ताटलीभर गाठिये, वर तळलेल्या मिरच्या, दुपारी तुपात न्हालेली पुरणपोळी, तरी माझ्या अंगाला काही लागत नाही. तरू माझ्या निम्मंही खात नाही. आम्ही शेजारी बसून जेवतो, मला दिसतं. पण सगळ्यांचे डोळे तिच्याच ताटात. तिचा नवरा पीयूष, माझा धाकटा दीर, त्याचं पोट शर्टाच्या बटणांशी रोज भांडतं. त्याला काय म्हणतात? शेठ दिसतो म्हणतात. पुरुषाचं पोट ती शेठाई आणि बाईचं पोट तो हावरटपणा. हा न्याय ज्याने ठरवला त्याला मला एकदा गाठायचंय.

गेल्या श्रावणात तरूला उजव्या बरगडीखाली जडजड वाटायला लागलं. सोनोग्राफी केली. लिव्हरवर चरबी चढलीय असं निघालं. आमचे घरचे डॉक्टर कामदार. ते आमच्याच जैन समाजातले, देरासरच्या, म्हणजे देवळाच्या, कारभारातही असतात. बायकाबायकांतली भांडणंसुद्धा त्यांच्याकडे सोडवायला जातात, एवढा त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी रिपोर्ट पाहिला, तरूला काट्यावर उभं केलं, जीभ टाळ्याला लावून च्यक केलं आणि बोलले ते पीयूषशी. घरातलं तळण बंद करा आणि यांचं तोंड बंद करा, म्हणाले. पीयूष हसला. मी विचारलं, तिने खायचं काय, कधी, चालायचं किती, पुन्हा कधी दाखवायचं. ते म्हणाले, "कमी खायचं." एवढी मोठी पदवी भिंतीवर टांगून माणसाला एकच शब्द यावा, आणि तोही असा की जो आमच्या दूधवाल्यालाही येतो.

त्या संध्याकाळी जेवताना आमच्या सासूबाईंनी, बांनी, निकाल दिला. यंदा पर्युषणाच्या आठ दिवसांत तरू अठ्ठाई करेल. अठ्ठाई म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. बा वाईट नाहीत. त्यांनी स्वतः ही तपं केलीत, एकदा तर महिनाभराचं. त्यांचा तपावर विश्वास आहे आणि त्या विश्वासाला माझं हात जोडून वंदन आहे. पण तप हे काय लिव्हरचं औषध आहे? पीयूष तर खुशीत आला. "बा, पुण्यही पदरात आणि वजनही खाली. एका दगडात दोन पक्षी." जैनाच्या तोंडी पक्षी मारायची म्हण आली म्हणून बांनी त्याला टोकलं. बाकी कशावरून कोणी कोणाला टोकलं नाही.

मला वाटलं, तरू नाही म्हणेल. भांडी आवरताना मी तिला विचारलं. ती पातेलं घासतघासत म्हणाली, "करू दे ना भाभी. आठ दिवस कोणी माझ्या ताटात बघणार नाही."



आता अडचण एकच होती. तरूची तारीख नेमकी पर्युषणाच्या मधोमध येत होती. त्या दिवसांत देरासरची पायरी चढता येत नाही, पूजेला हात लावता येत नाही, आणि तपस्वीला तर रोज दर्शनाला जायचं, शेवटी वरघोड्यात बग्गीत बसून मिरवायचं. पण या अडचणीवर आमच्या गावात तोडगा तयार असतो. नाक्यावरचा औषधवाला पर्युषण जवळ आलं की तारीख पुढे ढकलायच्या गोळ्यांचा डबा पुढच्या फळीवर आणून ठेवतो. चिठ्ठी मागत नाही, वय विचारत नाही, वजन नाही, दुखणं नाही. पीयूष नारळ, खडीसाखर आणि त्या गोळ्या एकाच पिशवीतून घेऊन आला. मी बांना विचारलं, उपासात पाण्याखेरीज काही चालत नाही, मग ही गोळी कशी चालते? बा म्हणाल्या, "ती कुठे औषध आहे? ती तर धर्मासाठी आहे." मी डॉक्टर कामदारांना विचारायला सांगितलं. पीयूषने फोन केला. सगळ्याच घेतात, काही होत नाही, असं उत्तर आलं. ज्याने पंधरा दिवसांपूर्वी तिच्या लिव्हरचा फोटो डोळ्यांनी पाहिला होता, त्याचं हे उत्तर.

पर्युषण सुरू झालं आणि तरू एका दिवसात देवी झाली. बाहेरच्या खोलीत तिला मऊ आसन घातलं, मागे लोड, पुढे पाट. सांजेला बायका गाणी म्हणायला जमायच्या. तिच्या हातांवर मेंदी काढली. ज्यांनी तिला दुष्काळावरून टोमणे मारले त्याच बायका वाकून तिच्या पाया पडायला लागल्या. तपस्वीला भेटायला येणारा प्रत्येक जण हात जोडून एकच विचारतो, शातेत आहात ना? शाता म्हणजे जिवाला आराम. आणि त्याचं उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या एकच ठरलेलं आहे, 'देव-गुरु पसाय', देवागुरूंची कृपा. नाही, बरं वाटत नाही, असं उत्तर त्यात बसतच नाही. सवयच नाही जिभेला. दिवसभरात आमच्या शेरीतली, म्हणजे गल्लीतली, शंभर माणसं तिची विचारपूस करून जायची आणि तिला बोलू मात्र कोणी द्यायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो वेगळा काय असतो?

पहिले तीन दिवस छान गेले. तरूच्या चेहऱ्यावर खरंच तेज होतं. मी ते नाकारणार नाही. इतकी वर्षं लोक तिच्याकडे हसायला बघत होते, आता आदराने बघत होते. ती ताठ बसायची, कमी बोलायची. पाणी मात्र फार कमी प्यायची. सारखं उठून जावं लागतं आणि उठताना सगळ्यांचे डोळे अंगावर येतात, म्हणून ती दोन-दोन तास तशीच मांडी घालून बसायची. मी पेला पुढे केला की ओठ ओले करून परत द्यायची.

चौथ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा ती म्हणाली, "भाभी, डाव्या पोटरीत गोळा आलाय. सकाळपासून जात नाही."

मी हात लावला. पोटरी गरम होती आणि दगडासारखी कडक. मी बांकडे गेले. बा म्हणाल्या, तपात पाय दुखतातच, माझेही दुखायचे, जरा दाबून दे. आणि पाय दाबायला आमच्याकडे माणसांची काय वाण? तपस्वीची सेवा म्हणजे घरबसल्या पुण्य. शेरीतल्या बायका पाळी लावून बसायला लागल्या. तेल चोळून, अंगठ्यांनी रगडून, वरून खाली, खालून वर. तरू ओठ चावून गप्प बसायची, कारण सेवा करणाऱ्याचा हात झटकायचा नसतो. मी एकीला म्हटलं, जरा हलक्या हाताने. ती म्हणाली, "कोकिळाबेन, यांच्या अंगात हलकं काही पोचतच नाही." आणि खोलीभर हशा. देवी झाल्यावरही जाडीची थट्टा सुटली नव्हती, फक्त ती आता पाया पडून करायची होती.

मी डोकेदुखीची साधी गोळी तरी देऊ का म्हणून विचारलं. बा भडकल्या. उपासात औषध घातलंस तर तप मोडेल, म्हणाल्या. तारीख ढकलायची गोळी रोज दुपारी पाण्याबरोबर जात होती ती चालत होती. दुखण्याची चालत नव्हती. बाईचं शरीर देवळात चालावं म्हणून धर्मात जागा होते, तिचं दुखणं थांबावं म्हणून होत नाही. हे मी बांना तोंडावर म्हटलं. घरात त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि मलाही कोणाशी बोलायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर कामदार आले. मला वाटलं, सुटलो. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, देरासरमधूनच आले होते. दारात चपला काढल्या, हात जोडले. "शातेत आहात ना, तरुबेन?"

"देव-गुरु पसाय," तरू म्हणाली. जीभच ती.

मग डॉक्टर पुढे झाले, गुडघे टेकले आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावून डोकं टेकवलं. मी उभी होते तिथून मला स्पष्ट दिसत होतं. त्यांचा उजवा हात तिच्या डाव्या पावलावर होता. ते पाऊल एव्हाना सुजून चकचकीत झालं होतं. त्या हाताला ते कळलं नाही. तो हात पुण्य घ्यायला आला होता, नाडी बघायला नाही.

मी पुढे होऊन सांगितलं की डॉक्टरसाहेब, हा पाय बघा, सुजलाय, तापलाय. ते तोवर खुर्चीत बसले होते. तिथूनच म्हणाले, एवढं वजन पायावर पडल्यावर सूज येणारच, आता उतरेल हळूहळू, पारण्यानंतर चालायला लावा. उंटावरून शेळ्या हाकतात तसं. मी म्हटलं, वजन तर दोन्ही पायांवर पडतं ना, मग सुजलाय एकच का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पीयूषकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाभींना चिंता फार." पीयूष हसला. चहा घेऊन डॉक्टर गेले.

सहाव्या दिवशी तिच्या डाव्या पायातली चांदीची साखळी कातडीत रुतली. मी पक्कड आणून तोडली. तपस्वीच्या अंगावरचा दागिना तोडला म्हणून बांनी माझा उद्धार केला. मी ऐकून घेतलं. माझं लक्ष तरूच्या श्वासाकडे होतं. ती एक वाक्य पुरं बोलताना मध्ये थांबत होती. विचारलं तर म्हणाली, "अशक्तपणा असेल भाभी. दोनच तर दिवस राहिले." पीयूष बाहेर बग्गीवाल्याशी फोनवर बोलत होता, घोडा पांढराच पाहिजे म्हणून.

सातव्या दिवशी सकाळी बा, तरू आणि मी साध्वीजी उतरतात त्या उपाश्रयात गेलो. अठ्ठाईचा उपास एकदम आठ दिवसांचा घेत नाहीत सगळे. तरू रोज सकाळी साध्वीजींसमोर हात जोडून त्या दिवसापुरतं पच्चक्खाण, म्हणजे नेम, घेत होती. उपाश्रयाला चार-पाच पायऱ्या आहेत. तरू दुसऱ्या पायरीवर थांबली, कठड्याला धरून. तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. मागून येणाऱ्या बायका म्हणाल्या, बघा, कसं कडक तप चाललंय.

आत साध्वीजी पाटावर बसल्या होत्या. आमच्याकडे सगळे त्यांना महाराजसाहेब म्हणतात. वयस्कर, नजर अधू, आवाज मात्र स्वच्छ. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "शाता?"

तरू काही बोलली नाही. मागे रांग होती. बांनी तिला कोपराने हलवलं आणि तिच्यावतीने स्वतःच म्हणाल्या, "देव-गुरु पसाय, महाराजसाहेब."

"मी तिला विचारलं," महाराजसाहेब म्हणाल्या.

तरूने माझा हात धरला. घामाने ओला होता तिचा हात. ती म्हणाली, "अशाता आहे, साहेबजी. फार अशाता आहे. मला श्वास घेता येत नाही."

मला आठवत नाही की हा शब्द त्या जागी मी आधी कोणा बाईच्या तोंडून ऐकला होता. महाराजसाहेबांनी तिला जवळ बसायला लावलं. म्हणाल्या, मी साध्वी, औषधपाण्याचं मी बोलायचं नसतं, पण पच्चक्खाणाचं बोलू शकते. मग बांकडे वळून म्हणाल्या की पच्चक्खाणाच्या शब्दांतच सूट ठेवलेली आहे. देहाची समाधी ढळत असेल तर औषध घेतलं म्हणून नेम मोडत नाही. रोज म्हणता, अर्थ कधी ऐकला नाहीत का? "तिला आज पच्चक्खाण देणार नाही मी. न्या तिला. आणि तप मोडलं असं जो म्हणेल त्याला माझ्याकडे पाठवा."

तरी अंगणात बांचा पाय अडखळलाच. "कोकिळा, उद्या संवत्सरी. एकच दिवस. परवा पारणं झालं की लगेच नेऊ." त्या ओरडत नव्हत्या, विनवत होत्या. गाव जेवायला बोलावलेलं, सुनेचं पहिलं मोठं तप. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी रिक्षा थांबवली. पीयूषला फोन केला तर तो म्हणाला, वरघोड्यापर्यंत थांबता येणार नाही का, बग्गी सांगितलीय. मी म्हटलं, बग्गीत तू बस, आणि फोन ठेवला. बा मात्र शेवटच्या क्षणी आमच्या रिक्षात चढल्या. एवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, सोळंकी आडनावाच्या. त्यांनी तरूला काट्यावर उभं केलं नाही. आडवं केलं, साडी गुडघ्यापर्यंत वर केली, शिंप्याकडे असते तशी टेप काढली आणि आधी एक पोटरी मोजली, मग दुसरी. एवढंच. इतकं सोपं होतं ते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडायला आलं, दुःखाने नव्हे, संतापाने. दोन पाय मोजायला आमच्या गावात चार दिवस लागले होते.

मग त्यांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? बा घाईने म्हणाल्या, "काही नाही हो, उपास आहे तिचा, फक्त पाणी." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मते ते खरंच होतं. मी गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मग विचारलं, पाय कोणी चोळला का? मी म्हटलं, "कोणी नाही चोळला ते विचारा."

पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या बाकावर आम्हाला नीट समजावून सांगितलं. पीयूषही तोवर पोचला होता, कपाळावर केशराचा टिळा घेऊन. अंगात चरबी जास्त आणि लिव्हरही चरबीने भरलेलं असलं की रक्त गोठायला आधीच टपलेलं असतं. त्यात पाणी कमी, त्यात दिवसदिवस एका जागी बसणं, आणि त्यात या गोळ्या. अशा बाईला त्या गोळ्या विचारल्याशिवाय द्यायच्याच नसतात. आणि लिव्हरसाठी म्हणून एकदम उपाशी ठेवायचं तर मुळीच नाही. वजन हळूहळू उतरवायचं, खाऊन, चालून. रगडल्याने गुठळी सुटली असेल का, असं पीयूषने विचारलं. नक्की सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, पण असा पाय कधी रगडायचा नसतो. बांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. पाय दुखायला लागला त्या दिवशी त्यांनीही दाबला होता.

जाड होती म्हणून हे झालं, असं पीयूष पुटपुटला. मी त्याला तिथेच धरलं. जाड होती हे आंधळ्यालाही दिसत होतं. जाड माणसाचं रक्त गोठतं हे ज्याला शिकवलेलं असतं त्याने तिचा पाय सगळ्यांत आधी बघायचा, की सगळ्यांत शेवटी? तिची जाडी हे तिला तपासायचं कारण होतं. तुम्ही सगळ्यांनी ते न तपासायचं कारण केलंत. पीयूष वरघोड्याला गेला नाही. बाकावरच बसून राहिला. टिळा त्याने कधी पुसला मला कळलं नाही.

दोन दिवस तरू काचेच्या खोलीत होती. ती वाचेल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं, नाकाला नळी. तिसऱ्या दिवशी तिला साध्या खोलीत आणलं. तोंडात मुगाचं पाणी गेलं, मग भात. शेरीत तोवर चर्चा झालीच होती, सलोतांच्या सुनेचं तप तुटलं म्हणून. बांच्या कानावर कोणीतरी ते घातलं तेव्हा बांनी त्या बाईला महाराजसाहेबांचा पत्ता दिला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

संवत्सरी होऊन गेली होती. संवत्सरीला आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. लहान मोठ्याची, मोठा लहानाची, घरोघर जाऊन, फोन करून. हात जोडायचे आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं. समोरच्यानेही तेच म्हणायचं. संपलं वर्षाचं. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर कामदार दवाखान्यात आले. हातात मोसंब्यांची पिशवी. पीयूष उठून उभा राहिला, त्यांना खुर्ची दिली. त्यांनी पायथ्याशी लावलेले कागद उचलून चाळले, मान हलवली आणि पीयूषला म्हणाले, "शेवटी मूळ वजनच निघालं. मी तर आधीपासून सांगत होतो." मी तोंड उघडणार होते. तरूने माझ्याकडे बघून डोळ्यांनीच नको म्हटलं.

निघताना डॉक्टर तिच्याकडे वळले. मान किंचित लववून, हात जोडून म्हणाले, "तरुबेन, मिच्छामि दुक्कडम्."

तरूने हात जोडले नाहीत. नाकातली नळी बाजूला सारून ती म्हणाली, "कशाबद्दल?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, हिला ऐकू आलं नसेल. "संवत्सरीचं म्हणतोय. वर्षभरात जाणता अजाणता काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल..."

"ते कळलं," तरू म्हणाली. ती थांबत थांबत बोलत होती, पण एक शब्द गिळत नव्हती. "ते सगळे म्हणतात. तुम्ही कशाबद्दल म्हणताय, ते सांगा. मग मी क्षमा करते."

"तरू," पीयूष म्हणाला.

"तुमचं नंतर," ती त्याला म्हणाली. "तुम्हीही हात जोडाल तेव्हा काय ते ठरवून या." मग पुन्हा डॉक्टरांकडे. "त्या दिवशी तुम्ही माझ्या पायाला हात लावलात, साहेब. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाया पडायला लावलात. मला वाटलं, आता कळेल यांना. मी वाट बघत होते."

डॉक्टरांचे हात अजून जोडलेलेच होते. ते खाली कसे आणावेत हे त्यांना समजत नव्हतं. मोसंब्यांची पिशवी मनगटावर लटकत होती. बा कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मध्ये पडून सारवासारव केली नाही.

तरूने पायावरची चादर हाताने ओढली आणि बाजूला टाकली. डावा पाय अजून सुजलेला होता, मांडीपर्यंत काळानिळा.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "बघून सांगा."

डॉक्टरांनी पीयूषकडे पाहिलं. पीयूष तिच्या पायाकडे बघत होता. मग डॉक्टरांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि ते वाकले.